पेटी तीच, लिटर तेच, बेस वेगळा: १२ इंची सबवूफरचं एक प्रकरण

एका गाडीमालकाची तक्रार अशी: बेस भरपूर आहे, पण एकाच सुराचा. गाणं कुठलंही लावा, बूटमधून एकसारखी ‘बुम्म’ ऐकू येते. बास गिटार वर चढली की काचा थरथरतात, खाली उतरली की ती वाजतेय की नाही हे कळत नाही. आवाज वाढवला की पोर्टमधून, म्हणजे पेटीतली हवा ये-जा करण्याच्या नळीतून, फुस्स असा वारा येतो आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या खोल सुरांवर वूफर आतून ‘टक टक’ करतो. दुकानातून सल्ला मिळाला, ‘अॅम्प मोठा घ्या.’

असा सल्ला मिळालेल्या गाड्या पुण्या-मुंबईत कितीतरी सापडतील, आणि त्यातल्या बहुतेकांत दोष अॅम्पचा नसतो. या प्रकरणातही नव्हता.

गाडी हॅचबॅक, बूट २६८ लिटरचा. १२ इंची सिंगल ४ ओहमचा वूफर, ३५० वॉट आरएमएस (सतत झेलता येणारी ताकद). मोनो अॅम्प, ४ ओहमवर ३०० वॉट. पेटी तयार, कार्पेट चढवलेली, पुढून तिरकी, बाजूला तीन इंची पोर्ट. ‘१२ इंचाची पेटी’ म्हणून विकलेली. मुळात घोळ इथेच आहे. १२ इंचाची पेटी असं काही नसतं. १२ इंचाचं भोक असतं. त्या भोकामागे किती हवा हवी, हे वूफरचे आकडे ठरवतात, आणि ते एका वूफरचे दुसऱ्याशी जुळत नाहीत.

वूफरचे आकडे

माहितीपत्रकात दहा-बारा आकडे असतात. पेटीसाठी त्यातले पाच-सहा पुरतात. या वूफरचे असे:

एफएस (मोकळ्या हवेतली स्वतःची कंपनसंख्या) ३० हर्ट्झ. क्यूटीएस (कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, किती लवकर आवरला जातो याचं माप) ०.४८. क्यूईएस (त्या आवरण्यातला कॉइल आणि मॅग्नेटचा वाटा) ०.५२. व्हीएएस ६० लिटर. कोनाचं क्षेत्रफळ ४८० चौरस सेंटिमीटर. एक्समॅक्स, म्हणजे एका दिशेला कोन सरळ चालीत जाऊ शकेल ते अंतर, ११ मिलिमीटर.

यातला व्हीएएस नीट समजला तर पुढचं सगळं सोपं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा दाबला की आतली हवा स्प्रिंगसारखी उलटा जोर लावते. बंद पेटीतली हवा कोनाला तेच करते. पेटी लहान तेवढी ही स्प्रिंग कडक. व्हीएएस म्हणजे ज्या आकाराच्या हवेची स्प्रिंग वूफरच्या स्वतःच्या सस्पेन्शनइतकीच कडक असेल तो आकार. हा वूफर ६० लिटरच्या बंद पेटीत टाकला तर कोनामागची स्प्रिंग दुप्पट कडक होते, १५ लिटरमध्ये पाचपट.

हे गणित नवं नाही. नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्टेड पेट्यांचा सिद्धान्त मांडला आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी तो सविस्तर केला. म्हणूनच या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ज्या वूफरबरोबर हे आकडे मिळत नाहीत, तो कितीही स्वस्त असला तरी त्याला योग्य पेटी बांधता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो.

सीलबंद पेटीचं सूत्र एका ओळीचं आहे. व्हीएएसला पेटीच्या निव्वळ लिटरनी भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. आलेल्या आकड्यानं एफएसला गुणलं की पेटीतली कंपनसंख्या एफसी मिळते आणि क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी. क्यूटीसी ०.७च्या आसपास असेल तर बेस सपाट उतरतो, १च्या पुढे गेला तर उतरण्याआधी कुबड येतं.

आणखी एक झटपट पारख: एफएस भागिले क्यूईएस. इथे ३० ÷ ०.५२ म्हणजे सुमारे ५८. ५०च्या खाली असेल तर वूफर सीलबंदसाठी, १००च्या आसपास असेल तर पोर्टेडसाठी. ५८ म्हणजे दोन्हीकडे चालेल, पण कल सीलबंदकडे.

पेटी उघडून मोजली

बाहेरून रुंदी ५० सेंटिमीटर, उंची ३६, खोली खाली ३२ आणि वर २०. फळी १५ मिलिमीटर जाडीची पार्टिकल बोर्ड. बाहेरच्या मापानं ४७ लिटर भरतात, आणि पेटीवर बहुधा असाच फुगवलेला आकडा असतो. आतली मापं घेतली तर ४७ × ३३ × सरासरी २३, म्हणजे ३५.७ लिटर. त्यातून वूफरच्या मॅग्नेट आणि बास्केटनं व्यापलेले २.५ लिटर, पोर्टच्या नळीचे ०.६ आणि कोपऱ्यांतल्या लाकडी पट्ट्यांचे ०.६ वजा केले. निव्वळ ३२ लिटर उरले.

पोर्टची नळी आतून ७.५ सेंटिमीटर व्यासाची आणि १२ सेंटिमीटर लांब. पोर्टमधली हवा ज्या कंपनसंख्येला घुमते तिला ट्युनिंग म्हणतात. गोल पोर्टसाठी:

लांबी (सेमी) = २३५६२ × व्यास² ÷ (ट्युनिंग² × लिटर) − ०.७३ × व्यास

हेच उलटं सोडवलं की ट्युनिंग मिळतं: ४९ हर्ट्झ.

कागदावरचा आकडा मीटरनं पडताळता येतो. अॅम्प आणि वूफर यांच्यामध्ये १०० ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर एकसरीत जोडायचा, फोनवरच्या टोन जनरेटरनं १५ ते १०० हर्ट्झ हळूहळू फिरवायचं आणि वूफरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज बघायचा. आवाज हळू, एक-दोन व्होल्ट पुरेत. पोर्टेड पेटीत व्होल्टेजला दोन शिखरं आणि मध्ये एक खळगा दिसतो. या पेटीत शिखरं साधारण २२ आणि ६७ हर्ट्झला आणि खळगा ४९च्या जवळ यायला हवा. खळगा म्हणजेच ट्युनिंग. तो भलतीकडेच दिसला तर लिटर मोजताना काही सुटलं, किंवा पेटी गळतेय.

एकसुरी बेस कुठून आला

खालच्या तक्त्यात चार पेट्यांचा हिशेब आहे. वूफर तोच, व्होल्टेज तोच. आकडे डेसिबलमध्ये (० म्हणजे वूफरची वरच्या सुरांतली नेहमीची पातळी), अर्ध्यापर्यंत पूर्ण केलेले, केबिनचा परिणाम आणि पेटीतली गळती न धरता.

| हर्ट्झ | ३२ लि. पोर्टेड, ४९ हर्ट्झ | १५ लि. सीलबंद | ३४ लि. सीलबंद | ५० लि. पोर्टेड, ३३ हर्ट्झ |
|---|---|---|---|---|
| ८० | +५ | +१.५ | ० | +१.५ |
| ६० | +७.५ | −०.५ | −०.५ | +२.५ |
| ५० | +३.५ | −३.५ | −२ | +३ |
| ४० | −३.५ | −७.५ | −४.५ | +२.५ |
| ३० | −१२ | −१३ | −८.५ | −२ |
| २५ | −१७ | −१६.५ | −१२ | −७.५ |

पहिला रकाना बघा. ६० हर्ट्झला साडेसात डेसिबल वर, ४०ला साडेतीन खाली. बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झ, त्याच तारेवर सातव्या पट्टीवरचा सूर सुमारे ६२ हर्ट्झ. म्हणजे एकाच तारेवरच्या दोन सुरांत दहा-अकरा डेसिबलचा फरक. दहा डेसिबल कानाला साधारण दुप्पट मोठे लागतात. वादकानं दोन्ही सूर सारख्या जोरात वाजवलेत, पण गाडीत एकच ऐकू येतो. ड्रमच्या किकचा मुख्य भाग ५०-६० हर्ट्झलाच असतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत ही पेटी जबरदस्त वाटते. दुकानात ऐकायला मिळतात तीच पाच मिनिटं.

प्रत्यक्ष पेटीत गळती आणि पोर्टमधलं घर्षण यामुळे ही टेकडी थोडी कमी भरते. आकार मात्र तोच राहतो.

आता ‘टक टक’. पोर्टेड पेटीत ट्युनिंगच्या आसपास कोन जवळजवळ स्थिर असतो आणि काम पोर्टमधली हवा करते. ट्युनिंगच्या खाली मात्र चित्र पालटतं. पोर्ट म्हणजे उघडं भोक, कोनामागे स्प्रिंगच उरत नाही. ३०० वॉटला या पेटीत ३० हर्ट्झवर कोन १५ मिलिमीटर आणि २५ हर्ट्झवर २० मिलिमीटरपर्यंत जातो. मर्यादा ११ची आहे. कॉइलचा फॉर्मर (कॉइल गुंडाळलेली नळी) मागच्या प्लेटवर आदळतो, त्याचीच ती टक टक. आणि एवढं हलूनही ऐकू काही येत नाही, कारण कोनाच्या पुढची हवा आणि पोर्टमधली हवा एकमेकींना खोडतात. सबसोनिक फिल्टरही (फार खालचे सूर कापणारं अॅम्पवरचं बटण) बंद होता. अॅम्प मोठा घेतला असता तर वूफर लवकर मेला असता, एवढाच फरक.

फुस्स आवाजाचा हिशेब आणखी बोलका. पूर्ण ताकदीला ७.५ सेंटिमीटरच्या नळीतून हवेचा वेग कागदावर सेकंदाला ६० मीटरच्या वर निघतो. वीसच्या आसपास ठेवलेला बरा असतो. एवढ्या वेगाला नळी पोर्ट म्हणून काम करायचं सोडून शिट्टी होते.

मग नळी लांब करून ट्युनिंग ३३ हर्ट्झला आणावं का? लांबी साडेबत्तीस सेंटिमीटर लागेल. आतली खोली तेवीस. कोपर लावून बसवता येईल, पण हवेचा वेग आटोक्यात येणार नाही. या पेटीत पोर्टला जागाच नाही.

बिनपैशाचा प्रयोग

पहिली दुरुस्ती नवं काही न घेता झाली. पोर्टची नळी काढली आणि १२ मिलिमीटर प्लायची चकती फोमची पट्टी लावून स्क्रूनं घट्ट बसवली. (पोर्टमध्ये टॉवेल कोंबण्याचा उपाय बरेचजण सांगतात. कल कळण्यापुरता ठीक, पण कापडातून हवा झिरपते. ती धड सीलबंदही नाही आणि धड पोर्टेडही नाही. त्यावरून निर्णय घेऊ नये.)

आता तीच पेटी साडेबत्तीस लिटरची सीलबंद झाली. क्यूटीसी ०.८१, एफसी ५०च्या थोडं वर. टेकडी गेली, बास गिटारचे सूर वेगवेगळे ऐकू यायला लागले, टक टक जवळपास थांबली. नंबर प्लेट आणि पार्सल ट्रेची खडखडही बरीच कमी झाली, कारण ती ६० हर्ट्झच्या टेकडीनंच हलत होती.

म्हणजे पेटी लहान होती का? पोर्टेड म्हणून लहान, सीलबंद म्हणून जवळपास बरोबर. लिटरचा आकडा एकटा काही सांगत नाही.

केबिनचा वाटाही इथे लक्षात घ्यावा लागतो. बंद गाडीत, केबिनच्या सर्वांत लांब मापाच्या दुप्पट लांबीची लाट ज्या कंपनसंख्येला येते, तिच्या खाली आवाजाचा दाब आपोआप चढायला लागतो. या हॅचबॅकमध्ये डॅशबोर्डपासून मागच्या दारापर्यंत साधारण २.७ मीटर धरले तर ती कंपनसंख्या ६४ हर्ट्झ. तत्त्वतः चढ सप्तकाला १२ डेसिबलचा. प्रत्यक्षात पत्रा लवचिक, दारं आणि व्हेंट गळके, त्यामुळे कमी. सीलबंद पेटीचा उतारही सप्तकाला १२ डेसिबलचाच असतो. दोन्ही एकमेकांना बरेचसे भरून काढतात, म्हणून घरात कोरडी वाटणारी सीलबंद पेटी गाडीत खोल वाजते. पोर्टेडचा उतार ट्युनिंगखाली सप्तकाला २४ डेसिबल. तो केबिननं भरून निघत नाही. हॅचबॅकमध्ये बूट केबिनला जोडलेलाच असतो. सेडानमध्ये मधल्या पत्र्याचा आणि सीटचा अडथळा येतो, तिथे हा हिशेब एवढा सरळ लागू पडत नाही.

‘पंधरा लिटरमध्ये बसवा ना’

गाडीमालकाची पुढची मागणी: बूट सामानाला हवा, पेटी अर्धी करा. मागणी रास्त आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवावा लागतो.

१५ लिटरमध्ये क्यूटीसी १.०७ आणि एफसी ६७. तक्त्यात ६० हर्ट्झला १५ आणि ३४ लिटर सारखेच दिसतात. फरक त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. वर, ९० हर्ट्झच्या आसपास, दीडेक डेसिबलचं कुबड येतं, म्हणजे पुरुषी आवाजाच्या खालच्या भागात ठणठणीतपणा आणि ‘आवाज बूटमधून येतोय’ ही जाणीव. खाली ३० हर्ट्झला ती ३४ लिटरपेक्षा साडेचार डेसिबल मागे.

एक गोष्ट या पेटीच्या बाजूनं सांगायला हवी. कडक स्प्रिंगमुळे कोन सुरक्षित राहतो. ३०० वॉटलाही चाल नऊ मिलिमीटरच्या आत. लहान पेटीत वूफर यांत्रिकदृष्ट्या सहज तुटत नाही. मग इक्वलायझरनं खालचा बेस उचलावा का? ३५ हर्ट्झला तूट सुमारे ४ डेसिबल, ती भरायला ताकद अडीचपट. ३०० वॉटचे साडेसातशे होतात आणि कॉइल ३५०ची. कोन वाचतो, कॉइल जळते.

जोसेफ अँटन हॉफमन, केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातला ‘एच’, यांच्या नावानं ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: लहान पेटी, खोल बेस, मोठा आवाज यांपैकी दोनच मिळतात. कार्यक्षमता पेटीच्या आकारमानाच्या आणि खालच्या कंपनसंख्येच्या घनाच्या प्रमाणात असते. कार्यक्षमता तीच ठेवून बेस एक सप्तक खाली न्यायचा तर पेटी आठपट लागते. बाजारात १५ लिटरमध्ये छान वाजणारे वूफर आहेत, पण त्यांचा व्हीएएस कमी, कोन जड आणि संवेदनशीलता कमी असते; किंमत वॉटमध्ये मोजावी लागते. या वूफरला ते जमणार नाही.

पन्नास लिटरचा मोह

तक्त्याचा शेवटचा रकाना सगळ्यांत आकर्षक आहे. ४० हर्ट्झला अडीच डेसिबल वर, ३०ला फक्त दोन खाली. खोल बेस ऐकणाऱ्यानं हाच बांधावा, अशी शिफारस करायलाही हरकत नाही. पण पोर्टचा हिशेब केल्यावर पेटी फुगते.

चार इंची एक नळी, म्हणजे १० सेंटिमीटर व्यास: लांबी ३६ सेंटिमीटर, पण ३०० वॉटला वेग सेकंदाला ३८ मीटर. दोन नळ्या घेतल्या तर वेग निम्मा, पण प्रत्येकीची लांबी ७९ सेंटिमीटर. पोर्टचं क्षेत्रफळ वाढवलं की लांबीही वाढते, हे विसरून अनेक घरगुती पेट्या बिघडतात. लाकडी स्लॉट, ५ × ३२ सेंटिमीटर, घेतला तर लांबी सुमारे ७८ आणि वेग १९ मीटर. त्या स्लॉटची हवा साडेबारा लिटर, भिंतीची फळी साडेचार, वूफर अडीच, आडव्या पट्ट्या एक. ५० लिटर निव्वळ हवे असतील तर आतून ७० आणि १८ मिलिमीटर फळी धरून बाहेरून ९० लिटर. बूटचा एक तृतीयांश. शिवाय २५ हर्ट्झखाली कोन १७ मिलिमीटरवर जाणारच, म्हणजे सबसोनिक फिल्टर हवाच.

मालकाला दर महिन्याला गावी सामान न्यायचं असतं. पन्नास लिटरचा विचार तिथेच थांबला.

३४ लिटरची सीलबंद पेटी

जुनीच पेटी पोर्ट बुजवून ठेवता आली असती. पण पार्टिकल बोर्डाची मागची फळी हातानं ठोकली की ढोलासारखी बोलत होती आणि वूफरचे स्क्रू भोकात फिरत होते. पार्टिकल बोर्डात एकदा फिरलेला स्क्रू पुन्हा पकड घेत नाही.

नवी पेटी १८ मिलिमीटर एमडीएफची. कोकण, गोवा किंवा पावसाळ्यात बूट दमट राहणारी कुठलीही गाडी असेल तर एमडीएफऐवजी उकळत्या पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी प्लाय घ्यावा. एमडीएफची कड एकदा पाणी प्यायली की फुगते आणि सांधा उघडतो.

आतली मापं: रुंदी ५६, उंची ३३, खोली खाली २५ आणि वर १५.६ सेंटिमीटर. एकूण ३७.५ लिटर, वूफरचे २.५ आणि पट्ट्यांचा १ वजा जाता ३४. वूफर १५ सेंटिमीटर खोल, मॅग्नेटमागे सहा सेंटिमीटर मोकळे राहतात. कारखान्याचं पत्रक घनफुटात असेल तर १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर; १.२ घनफूट म्हणजे हीच पेटी. सुताराला आतली मापं द्यावीत आणि ‘आतली’ हे कागदावर ठळक लिहावं. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

लिटर-अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तर घाबरू नये. सीलबंद पेटीत आकार दहा टक्के चुकला तरी एफसी साडेतीन टक्केच हलते. पोर्टेडमध्ये एवढी सूट नाही.

सांध्याला फेविकॉल भरपूर, दर १० सेंटिमीटरला ४० मिलिमीटरचा स्क्रू. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर एमडीएफची कड चिरते. पुढची आणि मागची फळी जोडणारी एक आडवी पट्टी वूफरच्या शेजारून. रात्रभर सुकल्यावर आतल्या सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन फिरवलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नये. बंद पेटीत ती वाफ धातूला गंज आणते. वूफरसाठी भोक पत्रकातल्या मापाचं, इथे २८ सेंटिमीटर. लाकडी स्क्रूऐवजी टी-नट आणि एम-५ बोल्ट, फळी आणि फ्रेममध्ये फोमची पट्टी, बोल्ट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळायचे.

आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर तंतू, सुमारे ४०० ग्रॅम, पिंजून सैल भरला. साधा कापूस नको, तो दबतो आणि ओल धरतो. तंतूमुळे हवा दाबली जाताना कमी तापते आणि वूफरला पेटी १०-१५ टक्के मोठी भासते. इथे ३८ लिटरसारखी, क्यूटीसी ०.७७, एफसी ४८. ठासून भरल्यास उलटंच होतं: तंतू हवेबरोबर हलायचा थांबतो आणि जागा अडवतो. मॅग्नेटमागे हवेचं भोक असेल तर त्यावर जाळी लावून तंतू लांब ठेवावा, नाहीतर तो ओढला जाऊन कॉइलपर्यंत पोचतो.

गळती तपासायला ३० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावून सांध्यांवरून उदबत्ती फिरवावी. धूर जिथे फडफडतो तिथे छिद्र. बहुतेक वेळा ते सांध्यात नसतं, वायरच्या टर्मिनल कपात असतं. इथेही तिथेच निघालं. कप काढून मागून सिलिकॉननं बसवला.

नंतर पुन्हा १०० ओहमचा रेझिस्टर. सीलबंद पेटीत एकच शिखर दिसलं पाहिजे, ४८ ते ५० हर्ट्झच्या दरम्यान. शिखर बरंच वर, साठच्या पुढे असेल तर लिटर कमी भरले. अस्पष्ट, बसकं असेल तर हवा गळतेय.

अॅम्पवरची बटणं

लो पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, सप्तकाला २४ डेसिबलचा उतार. सबसोनिक २५. बेस बूस्ट शून्य. त्या बटणाचा मध्य बहुतेक अॅम्पवर ४५ हर्ट्झला असतो आणि नेमका तिथेच कोनाला जास्त चालावं लागतं.

गेन (अॅम्प आवाज किती वाढवतो ते बटण) ठरवताना मात्र पेटीचा आकार पुन्हा आडवा येतो. १५ लिटरमध्ये ३०० वॉट चालले असते. ३४ लिटरमध्ये, तंतू धरून, ३० हर्ट्झवर ३०० वॉटला कोन १४ मिलिमीटर जातो. ११ मिलिमीटरची मर्यादा १८५ वॉटला गाठली जाते. म्हणून वूफर सोडवून, ५० हर्ट्झच्या टोनवर, स्टिरिओ नेहमीच्या सर्वांत मोठ्या आवाजावर ठेवून, अॅम्पच्या टोकांवर २७ व्होल्ट येईपर्यंतच गेन फिरवला. पूर्ण ३०० वॉटला तो साडेचौतीस व्होल्ट आला असता. सोडलेल्या ताकदीची किंमत दोन डेसिबल आहे, आणि वूफर वाचतो.

पेटी मागच्या सीटच्या पाठीला लागून, वूफरचं तोंड मागच्या दाराकडे. वूफरसकट वजन १८-१९ किलो होतं. नायलॉन पट्ट्यांनी बूटच्या हुकांना बांधलंच पाहिजे, कारण जोरात ब्रेक लागला तर ती पेटी सीटवर येऊन आदळते. पोलॅरिटी (वूफरच्या वायरचं अधिक-उणे) दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावी. पुढच्या सीटवर बसून ८० हर्ट्झच्या आसपास ज्या जोडणीत आवाज भरीव लागतो ती ठेवावी.

पहिल्या दिवशी मालकाचं म्हणणं आलं: ‘आवाज कमी झाला.’ खरंच झाला होता. ६० हर्ट्झला जुन्या पेटीपेक्षा आठ डेसिबल कमी आणि गेनचे दोन वेगळे. किक ड्रम पूर्वीइतका छातीवर आदळत नाही, आणि हे लपवून उपयोग नसतो. ३० हर्ट्झला मात्र त्याच व्होल्टेजवर नवी पेटी साडेतीन डेसिबल पुढे आहे, त्यात केबिनची भर दोघींना सारखीच. रस्त्यावरच्या लोकांना ऐकवायचं असेल तर ही पेटी चुकीची आहे. ज्यांना तसं हवं त्यांनी ९० लिटरची जागा काढावी आणि स्लॉट पोर्ट बांधावा. मालकाला तो पर्याय पुन्हा देऊन झाला. त्यानं बूट निवडला, आणि लो पास ८०वरून ९०वर नेऊन किक थोडी परत मिळवली.